खाली बाटली कुणाची?

थोडं लांब लिहिलंय. पण यात्रा नुकतीच झालीय, डेपोचा धूर अजून नाकात आहे, म्हणून आत्ताच लिहितोय. वेळ काढून वाचा.

यात्रेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी कचरा डेपोवर गेलो होतो. बातमी नेहमीचीच, दरवर्षीची. पहिली ट्रॉली उलटली तेव्हा कचऱ्याचा धप्प असा आवाज आलाच नाही. नुसता पोकळ खडखडाट. काठोकाठ भरलेली ट्रॉली, आणि आत निम्म्याहून जास्त पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. म्हणजे डिझेल जाळून आपण हवा वाहून आणत होतो.

तिथे एक मावशी बाटल्या वेगळ्या करत होत्या. बरीच वर्षं या कामात आहेत. मला वही काढताना बघून म्हणाल्या, "लिवा दादा, लोकांनी घाण केली म्हणून लिवा. दरवर्षी लिवताच. पण मला एक सांगा, ही बाटली लोकांनी बनवली का?"

मी काहीतरी हसून उत्तर दिलं. पण प्रश्न घरी आला माझ्याबरोबर. ही बाटली कुणाची? बनवणाऱ्याची, विकणाऱ्याची, पिणाऱ्याची, की उचलणाऱ्याची? शोधत गेलो तर लक्षात आलं, या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्यातला बराचसा काळ उत्तर एकदम स्पष्ट होतं.

*सोडावाले चाचा*

माझ्या वयाच्या लोकांना एसटी स्टँडामागचा सोड्याचा कारखाना आठवत असेल. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड, गॅसची नळकांडी, एक फिरवायचं यंत्र आणि लाकडी खोक्यांत गोटीच्या बाटल्या. घरी पाहुणे आले की वडील पिशवी देऊन पाठवायचे. चाचा दोन प्रश्न विचारायचे. किती पाहिजे? आणि खाली बाटल्या आणल्या का? खाली बाटली नसेल तर सोड्याच्या पैशांवर बाटलीचे पैसे ठेवावे लागायचे. बाटली परत नेली की पैसे परत. एकदा माझ्या हातून एक बाटली फुटली. वडील सोड्याचं काहीच बोलले नाहीत, बाटलीचं बोलले.

डेपोवरून आल्यावर मुद्दाम चाचांना भेटायला गेलो. कारखाना केव्हाच बंद पडलाय, पण एक खोकं त्यांनी अजून ठेवलंय. म्हणाले, "सोडा गेला तर काय, उद्या परत बनेल. बाटली गेली तर धंदा गेला. आम्ही सोडा विकायचो बेटा, बाटली कधी विकली नाही."

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. सगळा इतिहास त्यातच आहे.

*गोटीची करामत*

ही गोटीची बाटली इंग्लंडची. हायरम कॉड नावाच्या इंजिनिअरने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याआधी सोड्याच्या बाटलीला बूच लावायचे. बूच वाळलं की गॅस निघून जायचा, आणि बूच एकदा काढलं की फेकायचं. कॉडने बुचाऐवजी काचेची गोटी बाटलीच्या आतच टाकली. तोंडाशी आतून एक रबराचं कडं. भरताना बाटली यंत्रात उलटी फिरवायची. गॅसच्या दाबाने गोटी रबरावर घट्ट बसायची. म्हणजे ज्या गॅसला कोंडायचं, त्यालाच दाराची कडी लावायला सांगितलं. प्यायच्या वेळी गोटी दाबली की फस्स. मानेला दोन खाचा, त्यात गोटी अडकते आणि ओतताना आड येत नाही.

आता यात फेकायचं काय होतं ते शोधा. काहीच नाही. झाकण बाटलीच्या आत, ते हरवणार नाही. लेबल चिकटवायची गरज नाही, नाव काचेतच उठवलेलं. काच जाड, शेकडो वेळा धुतली तरी चालणारी. युरोपीय संघाने २०२४ पासून प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण बाटलीलाच जोडलेलं असावं अशी सक्ती केली. झाकणं सुटून समुद्रकिनाऱ्यावर पडतात म्हणून. दीडशे वर्षांपूर्वीच्या गोटीला हे आधीच कळलं होतं म्हणा ना!

हल्ली ज्याला 'चक्राकार अर्थव्यवस्था' म्हणतात, परिसंवाद भरवतात, ती ही. वस्तू बनवतानाच तिचा परतीचा रस्ता आखायचा. चाचांना शब्द माहीत नव्हता, हिशेब माहीत होता.

आपल्याकडे हा धंदा वाढवला तो मुख्यतः पारशी-इराणी मंडळींनी. पुण्यात अर्देशीर यांचा सोडा १८८४ पासून, मुंबईत ड्यूक्स १८८९ पासून. पुढे गोटी मागे पडली आणि बिल्ला आला. आपण लहानपणी गोळा करून खेळायचो तो पत्र्याचा दातेरी बिल्ला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बिल्ला फेकला जायचा हे खरं, पण बाटली परतच यायची. गोल्ड स्पॉट असो, १९७७ मध्ये कोका-कोला देशातून गेल्यावर आलेलं थम्सअप असो, टपरीवर उभं राहून प्यायचं आणि बाटली तिथेच क्रेटमध्ये ठेवायची. बाटली घेऊन निघालात तर टपरीवाला मागून हाक मारायचा. भरलेला ट्रक यायचा तो खाली क्रेट घेऊन परत जायचा.

तुम्हाला २००३ च्या सुमाराची पाच रुपयांच्या कोकची जाहिरात आठवत असेल. काचेची छोटी बाटली, दोनशे मिली. ती पाच रुपयांत परवडायची, त्याचं एक मोठं कारण हेच की पाच रुपयांत तुम्ही फक्त आतलं पेय विकत घेत होता. बाटली कंपनीचीच राहायची.

*आरेचं दूध*

दुधाचंही तेच. मुंबईत आरे दूध वसाहत १९४९ मध्ये उभी राहिली, १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तिच्यामागे दारा खुरोडी हा माणूस होता, ज्यांना पुढे व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं, तोंडावर ॲल्युमिनियमचं पातळ झाकण. पहाटे केंद्रावर रांग लावायची, कार्ड दाखवायचं, धुतलेली खाली बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. मुंबईत गिरणीत कामाला गेलेल्या आपल्या भागातल्या कितीतरी घरांत पहाटे बाटल्यांची पिशवी घेऊन पळायचं काम पोरांचं असे.

विचार करा, लाखो घरं, रोजचा व्यवहार, आणि बाटली रस्त्यावर नाही. मुंबईची माणसं तेव्हा फार शिस्तीची होती म्हणून? अजिबात नाही. खाली बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नव्हती म्हणून.

*मग बिघडलं कुठे?*

प्लॅस्टिकच्या बाटलीला आपण 'पेट' म्हणतो, तो पदार्थ इंग्लंडमधल्या रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी १९४१ मध्ये शोधला. तेव्हा तो कापडाच्या धाग्यासाठी होता. गॅसचा दाब सोसणारी बाटली त्यातून बनवली अमेरिकेत नॅथॅनिएल वायेथ याने. पेटंट १९७३ चं. हुशारीचंच काम, त्यात शंका नाही. आपल्याकडे बिसलेरी १९६५ मध्ये मुंबईत आलं तेव्हा तेसुद्धा काचेच्या बाटलीत होतं. चार वर्षांनी पार्लेने ते घेतलं, आणि पुढे पाणी प्लॅस्टिकमध्ये गेलं.

इथे मला जुन्याचं नुसतं कौतुक करायचं नाही. काच जड होती. फुटायची, अनवाणी पायांत घुसायची. दंगलींच्या जुन्या बातम्या काढून वाचा, 'सोडावॉटरच्या बाटल्या फेकल्या' हे वाक्य हमखास सापडेल. बाटल्या धुवायला कॉस्टिक सोडा आणि भरपूर पाणी लागायचं, आणि छोट्या कारखान्यांत ते काम नीट व्हायचंच असं नाही. बाटली धुणारे हात बऱ्याचदा लहान पोरांचे असायचे, हेही आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. प्लॅस्टिकची बाटली हलकी, न फुटणारी, सीलबंद. लोकांनी ती उगाच स्वीकारली नाही.

पण खरा बदल काच जाऊन प्लॅस्टिक आलं एवढाच नव्हता. बाटलीची मालकी बदलली. कंपनीच्या बाजूने हिशेब बघा. परतीचा ट्रक नको, धुण्याचा कारखाना नको, क्रेट मोजायला माणूस नको, टपरीवाल्याशी खाली बाटल्यांवरून भांडण नको. बाटली एकदाच बनवायची, गिऱ्हाइकाला विकून टाकायची आणि विसरायची. परतीचा हा सगळा खर्च काही हवेत विरला नाही. तो सरकून नगरपालिकेच्या घंटागाडीत बसला. म्हणजे तुमच्या-माझ्या घरपट्टीत. आणि मावशींच्या पाठीवर.

*दोष कुणाचा ठरवायचा?*

अमेरिकेत हे आपल्या आधी घडलं, म्हणून तिथली गोष्ट सांगायला हवी. १९५३ मध्ये व्हर्मॉन्ट राज्याने बिअरच्या न परतणाऱ्या बाटल्यांवर बंदी घातली. शेतकऱ्यांची तक्रार होती की लोक गाडीतून बाटल्या फेकतात आणि जनावरांच्या वैरणीत काच येते. त्याच वर्षी डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या बड्या कंपन्या एकत्र आल्या आणि 'कीप अमेरिका ब्युटिफुल' नावाची संस्था निघाली. संदेश असा की, कचरा करणारा माणूस वाईट, त्याला सुधारा. बाटली कशी बनवली, ती परत का येत नाही, यावर बोलणं नाही. व्हर्मॉन्टचा कायदा चार वर्षांत संपला.

१९७१ मध्ये या संस्थेची एक जाहिरात जगभर गाजली. रस्त्यावरचा कचरा बघून एका अमेरिकन आदिवासीच्या डोळ्यांत अश्रू येतात. पुढे कळलं की तो नट मुळात इटालियन वंशाचा होता. त्याच १९७१ मध्ये ओरेगन राज्याने मात्र दुसरा रस्ता धरला. बाटलीमागे पाच सेंट अनामत, बाटली आणा आणि पैसे न्या. रडणाऱ्या डोळ्यांनी किती बाटल्या परत आल्या माहीत नाही, पाच सेंटांनी मात्र आल्या. ती योजना आजही चालू आहे, अनामत २०१७ पासून दहा सेंट.

जर्मनीत तर १९६९ मध्ये मिनरल वॉटरवाल्यांनी मिळून एकच बाटली ठरवली, ग्युंटर कुपेट्स नावाच्या डिझायनरने आखलेली, अंगावर मोत्यासारखे उठाव असलेली. त्यांच्यातल्या कोणत्याही कंपनीचं पाणी, पण बाटली तीच. त्यामुळे खाली बाटली जवळच्या कारखान्यात गेली तरी चालतं, लांब न्यायची गरज नाही. अशा काचेच्या बाटलीच्या पन्नासपर्यंत फेऱ्या होतात. २००३ पासून तिथे फेकायच्या बाटल्यांवर आणि डब्यांवरही सक्तीची अनामत आली, आता बाटलीमागे पंचवीस सेंट. जवळजवळ सगळ्या बाटल्या परत येतात. जर्मन माणूस जन्मतः स्वच्छ असतो असं आपण म्हणतो. पंचवीस सेंट म्हणजे वीस रुपयांच्या वर. वीस रुपये परत मिळणार असतील तर आपल्या यात्रेतली बाटली जमिनीवर किती वेळ पडून राहील? मला वाटतं, दोन मिनिटंसुद्धा नाही.

*आपल्याकडे कायदा झाला होता*

आता घरचं. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. आपल्याला त्यातल्या फक्त कॅरीबॅग आणि दंड आठवतात. पण पेट बाटलीवर परतीची किंमत छापावी, बाटल्या परत घ्यायची व्यवस्था कंपन्यांनी उभी करावी, हेही त्यात होतं. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अनामत हेही होतं. तुमच्यापैकी कुणाला ते ५० पैसे परत मिळालेत? मला तरी नाहीत. दंडाच्या पावत्या मात्र आपल्या बाजारपेठेतल्या भाजीवाल्यांच्या आणि किराणा दुकानदारांच्या हातात पडल्या. म्हणजे पुन्हा तेच: बनवणारा सुटला, विकणारा आणि वापरणारा सापडला.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांत उत्पादकाची जबाबदारी लिहिलेली आहे, २०२२ मध्ये त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वंही आली. पण ती जबाबदारी टनांत आणि प्रमाणपत्रांत मोजली जाते. देशात कुठेतरी तेवढं प्लॅस्टिक गोळा झालं की कागद पूर्ण. आपल्या ओढ्यातली बाटली ओढ्यातच.

आपल्या लोकांना जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी तामिळनाडू बघावं. निलगिरीच्या जंगलात दारूच्या फुटक्या बाटल्यांनी हत्ती आणि इतर प्राणी जखमी होत होते. मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारी दारू दुकानांत बाटलीमागे दहा रुपये जास्त घ्यायला सुरुवात झाली. बाटली परत आणली की दहा रुपये परत. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या, योजना इतर जिल्ह्यांत गेली. आता विचार करा, दारू पिऊन जंगलात बसलेला माणूस जर बाटली सांभाळून परत आणत असेल, तर यात्रेकरूकडून काय अवघड आहे?

आणि लांब कशाला जायचं? तुमच्या स्वयंपाकघरात बघा. गॅसचा सिलिंडर. कधी डेपोवर, ओढ्यात, गटारात सिलिंडर पडलेला पाहिलाय? लाल सिलिंडर वर्षानुवर्षं गावोगाव फिरतो, कारण आपण डिपॉझिट भरलेलं असतं आणि सिलिंडर कंपनीचा असतो. लग्नात येणारा वीस लिटरचा पाण्याचा जार, तोही तसाच. मांडव उतरला की जारवाला मोजून घेऊन जातो, एक कमी पडला तर यजमानाला फोन. त्याच मांडवात पाव लिटरच्या शेकडो बाटल्या खुर्च्यांखाली लोळत असतात, त्यांच्यासाठी कुणाचाच फोन येत नाही. पाणी तेच, लग्न तेच, माणसं तीच. फरक फक्त भांडं कुणाचं आहे याचा.

*मावशींचा हिशेब*

कुणी म्हणेल, भंगारवाले नेतातच की. नेतात. त्यांच्यामुळेच निम्मा देश अजून गाडला गेलेला नाही, त्यांना आधी रामराम. पण हिशेब करा. एक लिटरची रिकामी बाटली साधारण वीस-पंचवीस ग्रॅमची. एक किलो व्हायला चाळीस-पन्नास वेळा वाकायचं. भाव पडला की वाकणं परवडत नाही. आणि जी बाटली जाते, तिचाही बहुतेक वेळा धागा होतो, पुन्हा बाटली होत नाही. त्या धाग्याचं कापड फाटलं की पुढे रस्ता बंद. चाचांची बाटली मात्र संध्याकाळी परत येऊन सकाळी पुन्हा दुकानात असायची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. दरवर्षी यात्रेनंतर आपण 'भाविकांनी केला कचरा' असा मथळा देतो. मीही दिलाय, एकदा नाही, अनेकदा. तो अर्धवट होता. आपले आजोबा आपल्यापेक्षा शहाणे नव्हते आणि आपली मुलं आपल्यापेक्षा बेशिस्त नाहीत. तेव्हा बाटलीला मालक होता, आता नाही.

पुढच्या यात्रेला अजून दहा-अकरा महिने आहेत. सरकारी आदेशाची वाट न बघता एक गोष्ट करता येईल. यात्रेत स्टॉलच्या जागा नगरपालिका आणि यात्रा समितीच देते. जागा देतानाच अट घाला: प्रत्येक बाटलीमागे पाच रुपये अनामत, बाटलीवर स्टिकर, आणि बाटली कोणत्याही स्टॉलवर परत घ्यायची. बाहेर पडण्याच्या दोन्ही रस्त्यांवर परतीचं टेबल. आणि जोडीला जार लावून स्टीलच्या पेल्यांची पाणपोई, जशी पूर्वी असायची. ज्या बाटल्या पिणाऱ्याने टाकल्या, त्या उचलून आणणाऱ्याला ते पाच रुपये मिळतील. भंगारात चाळीस-पन्नास बाटल्यांचा एक किलो होतो. अनामतीत चाळीस बाटल्यांचे दोनशे रुपये होतात. मावशींना कोणता हिशेब आवडेल, ते विचारायची गरज नाही.

नगरपालिकेच्या निवडणुकीत तुमच्या दारात जो येईल, त्याला रस्ता-गटाराबरोबर हेही विचारा. यात्रा समितीतले बरेच जण ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. समितीची बैठक लागेल तेव्हा मी हा कागद घेऊन येणार आहे. जमलं तर चाचांनाही घेऊन येईन, त्या जुन्या खोक्यासकट.

मावशींना उत्तर द्यायचं राहिलंय.